सोळा गोल खाल्लेला संघ आणि आपली बाद पद्धत

२६ डिसेंबर २०२० रोजी कॅनडातील एडमंटन येथे, वीस वर्षांखालील मुलांच्या जागतिक आइस हॉकी अजिंक्यपद स्पर्धेत, यजमान कॅनडाने जर्मनीचा १६-२ असा धुव्वा उडवला. करोनाच्या विलगीकरणामुळे जर्मनीचे बरेच खेळाडू हॉटेलच्या खोल्यांत अडकून पडले होते आणि गोलरक्षक वगळता जेमतेम चौदा जण बर्फावर उतरू शकले होते. एरवी ही संख्या वीस असते. या खेळात सहा खेळाडूंच्या कमतरतेचा अर्थ काय, हे नाशिककरांना चटकन उमगणार नाही, कारण आपल्याकडे निफाडचा पारा कितीही घसरला तरी द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तळी काही गोठत नाहीत. आइस हॉकीत एका वेळी गोलरक्षकासह सहा जण खेळतात, पण पाऊण ते एक मिनिट जिवाच्या आकांताने स्केटिंग केल्यावर खेळाडू फळीवरून उडी मारून बाकावर येतो आणि खेळ न थांबता दुसरा आत जातो. बाकावर माणसेच कमी असली की दम घ्यायला वेळ मिळत नाही, आणि तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या सत्रापर्यंत पायांत त्राण उरत नाही. त्यात जर्मनीची मुले आदल्याच दिवशी फिनलंडशी ५-३ अशी हरून आलेली होती.

मला महत्त्वाचे वाटते ते यानंतरचे. त्याच संघाने पुढे स्लोव्हाकियाला जादा वेळेत ४-३ असे आणि स्वित्झर्लंडला ५-४ असे हरवले, उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तेथे रशियाकडून केवळ २-१ असा निसटता पराभव पत्करला. त्यांचा कर्णधार टिम स्टुट्झले स्पर्धेतील सर्वोत्तम आघाडीपटू ठरला. हे घडू शकले, कारण त्या स्पर्धेत दहा संघांचे पाच-पाचचे दोन गट असतात आणि प्रत्येक संघाला, तो कितीही दुबळा असो, साखळीतले चार सामने मिळतातच. आपल्या शालेय स्पर्धांसारखी, हरला की बाहेर अशी बाद पद्धत असती, तर फिनलंडविरुद्धच्या पराभवानंतरच जर्मन मुलांनी सामान बांधले असते.

लाटव्हियाचे उदाहरण तर आपल्यासाठी अधिकच बोलके आहे. या देशाची लोकसंख्या वीस लाखांच्या आत आहे; २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या नाशिक जिल्ह्याची एकसष्ट लाख होती. ऑगस्ट २०२२ मधल्या स्पर्धेसाठी, रशियावर बंदी आल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागी, लाटव्हियाला या दहा संघांच्या वरच्या श्रेणीत बोलावणे आले आणि त्या मुलांनी प्रथमच उपांत्यपूर्व फेरी गाठली. पुढच्याच स्पर्धेत ते गटात तळाला गेले आणि ऑस्ट्रियाला हरवून कसेबसे वरच्या श्रेणीत टिकले. मग २७ डिसेंबर २०२४ रोजी ओटावात, कॅनडाच्याच प्रेक्षकांसमोर, त्यांनी कॅनडाला पेनल्टी शॉट्सवर ३-२ असे हरवले. गोलरक्षक लिनार्ड्स फेल्डबर्ग्सने त्या दिवशी ५५ फटके अडवले. असा गोलरक्षक आभाळातून पडत नाही. बलाढ्य संघांचे फटके वर्षानुवर्षे अंगावर घेत तो घडतो.

या वरच्या श्रेणीखाली आणखी श्रेणींची उतरंड आहे. वरच्या श्रेणीच्या दोन्ही गटांतले तळाचे संघ एकमेकांशी खेळतात आणि हरणारा खाली जातो, जसा २०२५ मध्ये कझाकस्तान गेला. खालच्या श्रेणीतला विजेता त्याची जागा घेतो. खालच्या श्रेणींतही बहुधा सहा-सहा संघ असतात आणि ते साखळी पद्धतीने, आपल्या ताकदीच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळतात. आपल्या देशाचा संघ या वीस वर्षांखालील स्पर्धेत नाही, पण मुख्यतः लडाखच्या मुलींच्या जोरावर उभा राहिलेला भारताचा महिला संघ २०१६ मध्ये आशियाई स्पर्धेत प्रथम उतरला, २०१७ मध्ये फिलिपिन्सविरुद्ध पहिला विजय मिळवता झाला आणि २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत आशिया चषकाचे कांस्यपदक घेऊन परतला. पहिल्या वर्षीच्या पराभवांवरून त्यांना मोडीत काढले असते, तर ते कांस्य कोठून येणार होते?

आता आपल्या शालेय स्पर्धा पाहा. पेठ-सुरगाण्याकडून एखाद्या शाळेचा फुटबॉल संघ पहाटे जीपमध्ये दाटीवाटीने बसून नाशिकला येतो, ड्रॉमध्ये त्याची गाठ शहरातल्या बारमाही प्रशिक्षण घेणाऱ्या संघाशी पडते, तासाभरात आठ-नऊ गोल होतात आणि मुले झाडाखाली डब्यातली भाजी-पोळी खाऊन परतीच्या वाटेला लागतात. त्यांचा त्या वर्षाचा हंगाम संपलेला असतो. दुसरीकडे एखाद्या संघाला ‘पुढे चाल’ मिळून न खेळताच पुढची फेरी लाभते. जिंकणाऱ्यांनाही अशा सामन्यातून काही शिकायला मिळत नाही, हे मुद्दाम नोंदवतो, कारण बाद पद्धतीचा तोटा फक्त दुबळ्यांना होतो असा समज आहे.

यावर ठरलेले उत्तर येते की मैदान नाही, पंच नाहीत, दिवस पुरत नाहीत. हिशेब करून पाहू. सोळा संघ असतील, तर बाद पद्धतीत पंधरा सामने होतात. चार-चारचे चार गट केले, तर साखळीचे चोवीस आणि प्रत्येक गटातून दोन संघ पुढे घेतल्यास बाद फेरीचे सात, असे एकतीस सामने होतात. सामन्याची वेळ निम्मी केली की मैदान जवळपास तेवढेच तास लागते आणि प्रत्येक मुलाला किमान तीन सामने मिळतात. मुक्कामाचा खर्च वाढेल हे मान्य. पण दूरच्या तालुक्यांचे गट तिकडेच खेळवले, तर तोही आटोक्यात राहील.

त्या जागतिक स्पर्धेतही सारे आलबेल नाही. प्रेक्षागारे भरतात म्हणून यजमानपद पुन्हापुन्हा कॅनडाकडे जाते आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांवर साऱ्या देशाच्या अपेक्षांचे ओझे टाकले जाते. हे सारे आपण उचलावे असे मी अजिबात म्हणत नाही. मी फक्त स्पर्धेचा आराखडा मागतो आहे, ज्याला फारसा पैसा लागत नाही.

ड्रॉ ज्यांच्या हाती असतो, त्यांनी यंदा निदान एका वयोगटात हे करून पाहावे. चौदा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल त्यासाठी सोयीचा आहे: संघ थोडे असतात, त्यामुळे दोन दिवसांत साखळी सहज आटोपेल, आणि पुढल्या वर्षीचा ड्रॉ चिठ्ठ्या टाकून न काढता यंदाच्या क्रमवारीवरून ठरवता येईल.