परवडणाऱ्या घरांना आमचा जाहीर पाठिंबा

गाव वाढतंय, हे एव्हाना तुमच्याही लक्षात आलं असेल. दवाखान्यातली नर्स, शाळेतला शिपाई, तुमच्याच बंगल्याचा गिलावा करणारा गवंडी, सगळे रोज बाहेरून येतात, कारण इथलं भाडं त्यांच्या आवाक्यात उरलेलं नाही. तेव्हा परवडणाऱ्या घरांची योजना आखावी लागणारच, आणि नियोजन समितीवर तुम्ही आहात. घाबरू नका. फक्त विरोध करू नका. विरोध करणारा उघडा पडतो. तोंडभरून पाठिंबा द्या आणि मग अटी घाला.

आधी व्याख्या ताब्यात घ्या. घरखर्च उत्पन्नाच्या 30 टक्क्यांत बसला तर घर परवडणारं, हा ठोकताळा बऱ्याच देशांत चालतो. चालू द्या. उत्पन्न कोणाचं धरायचं, एवढंच आपण ठरवायचं. साऱ्या परिसराची सरासरी काढा. टेकडीवर बंगले बांधलेल्या चार घरांनी ती इतकी वर नेलेली असते की कागदावर गवंड्यालाही घर सहज परवडतं. सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे उत्पन्नाच्या रांगेत बरोबर मधोमध येणाऱ्या घराचं उत्पन्न, काढू, असं एखादे गणिताचे मास्तर म्हणतीलच. त्यांना उपसमितीवर घ्या.

खरी करामत भूखंडाच्या आकारात आहे. ‘गावाचं गावपण टिकलं पाहिजे’ म्हणा (याला आजवर कोणी हरकत घेतलेली नाही) आणि किमान भूखंड 500 चौरस मीटरचा करून टाका. एक हेक्टरातले 30 टक्के रस्त्यांना आणि मोकळ्या जागेला गेले, तर उरलेल्यात 14 घरं बसतात. भूखंड 100 चौरस मीटरचा असता तर 70 बसली असती. गटार, पाण्याची मुख्य वाहिनी आणि जमिनीची किंमत आता 70 ऐवजी 14 जणांत वाटली जाईल. घर महाग झालं, आणि तुम्ही तर महागाईचा म सुद्धा उच्चारला नाहीत!

वर दर घरामागे दोन गाड्यांची जागा सक्तीची करा. गाडी वळवायची जागा धरली तर त्याला सहज 50 चौरस मीटर लागतात. इंदूरच्या अरण्य वसाहतीत वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींनी सर्वांत गरीब कुटुंबांसाठी आखलेला भूखंड जेमतेम 35 चौरस मीटरचा होता. म्हणजे तिथे माणसं राहतात त्याहून ऐसपैस जागेत आपल्याकडे, ज्यांच्याकडे सायकल आहे त्यांच्या, नसलेल्या गाड्या राहतील.

हे अरण्य प्रकरण सभेत कोणीतरी काढणारच. जोतं, संडास-न्हाणी आणि एक खोली द्यायची, पुढचं घर लोक ऐपतीप्रमाणे वाढवतील, अशी ती कल्पना. तिला 1995 साली वास्तुकलेचा आगा खान पुरस्कारही मिळाला. दुसरा कोणी चिलीतल्या इकीके शहराचं सांगेल. तिथे 2004 साली प्रत्येक घर अर्धंच बांधून दिलं, जमीन महाग असूनही लोक राहत होते त्याच जागी, आणि उरलेलं अर्धं कुटुंबांनी स्वतः उभारलं. शांतपणे ऐका आणि म्हणा, ‘आपल्या लोकांना अर्धवट घर देणं आमच्या मनाला पटत नाही.’ अर्धं नको म्हटलं की शून्य देता येतं, शिवाय टाळ्या पडतात.

जागा कुठली, हा प्रश्न उरतो. ओढ्याकाठचा सखल तुकडा सुचवा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या कोणी घर का बांधलं नाही, हे पावसाळ्यात कळेल. सभा उन्हाळ्यात घ्या.

फेरविक्रीवर बंधन घालू नका, त्याने स्वातंत्र्यावर गदा येते. जमीन विश्वस्त संस्थेकडे ठेवून फक्त घर विकायचं, अशी पद्धत अमेरिकेत 1969 पासून सुरू झाली. तिथे पुढच्या गिऱ्हाइकालाही घर परवडावं अशी सोय असते. आपल्याकडे पहिल्या मालकाने बाजारभावाने विकलं की योजना एका पिढीच्या आत आपोआप निकालात निघेल, आणि खापर त्याच्यावर फुटेल.

शेवटी हरकती आणि सूचना मागवा. सुनावणी कामाच्या दिवशी सकाळी 11 ला. अर्ज तीन प्रतींत, सोबत गावातला रहिवासी दाखला. नर्सबाई तेव्हा ड्यूटीवर, गवंडी परांचीवर, आणि दाखला दोघांकडेही नाही, कारण घरच नाही. संध्याकाळी इतिवृत्त लिहायला घ्या: स्थानिक रहिवाशांकडून घराची मागणी करणारा एकही अर्ज प्राप्त झाला नाही.