उल्हासचं खोरं गावकऱ्यांनी बिघडवलेलं नाही

उन्हाळा आला की ठाणे-कल्याणच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच. उल्हास नदी आणि तिच्या उपनद्यांचं खोरं वाचवायचं तर ते स्थानिकांच्या हातून काढून घ्या. जे सगळ्यांचं ते कोणाचंच नसतं. गावकरी जंगल तोडतात, नदी नासवतात. लोकसहभाग म्हणजे फोटोपुरतं श्रमदान. तेव्हा सगळं पाणलोट क्षेत्र तज्ज्ञांच्या एका प्राधिकरणाकडे सोपवा, आणि त्यासाठी खाली सही करा. नदीबद्दल खरी कळकळ असलेली शिकलीसवरली माणसं हे पुढे पाठवताहेत, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर द्यायला हवं.

"जे सगळ्यांचं ते कोणाचंच नसतं."

हा युक्तिवाद प्रसिद्ध झाला तो अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांच्या 1968 मधल्या लेखामुळे. सामाईक कुरणावर जो तो आपली गुरं वाढवत जातो आणि शेवटी कुरण संपतं, असं त्यात मांडलं होतं. पण त्या कुरणाला ना गावकी होती, ना नियम, ना दंड. अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी प्रत्यक्षातली सामाईक कुरणं, जंगलं, शेतकऱ्यांचे पाट अभ्यासले. हद्द ठरलेली असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केले असतील आणि लक्ष ठेवणारी माणसं त्यांच्यातलीच असतील, तर अशी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे त्यांनी दाखवून दिलं. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. कसारा घाट चढून नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातलं वाघाड धरण बघा. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी पोचत नव्हतं. वरचे घेत होते, खालचे वाट बघत होते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने टेलच्याच शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या. पाणी मोजून घ्यायचं, जेवढं घेतलं तेवढ्याचे पैसे भरायचे, कोणाची पाळी कधी ते आपसात ठरवायचं. पुढे सगळ्या लाभक्षेत्रावर अशा संस्था झाल्या आणि त्यांची प्रकल्प पातळीवरची संस्था उभी राहिली. 2005 मध्ये राज्याने सिंचन पद्धतींच्या शेतकरी व्यवस्थापनाचा कायदा केला, त्याआधी शेतकऱ्यांनी हे करून दाखवलं होतं. पाणी सगळ्यांचं होतं, आणि म्हणूनच त्याचा हिशेब सगळे ठेवत होते.

"गावकरी जंगल तोडतात, नदी नासवतात."

हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. उल्हास आणि तिची उपनदी वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये कोट्यवधींचा दंड ठोठावला, तो कोणाला? नदीकाठच्या शहरांच्या पालिकांना आणि कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करण्यासाठी उभारलेल्या केंद्रांना. 2014 च्या अखेरीस वालधुनीत टँकरने रसायन ओतलं आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास घेता येईना, दवाखाने भरले. तो टँकर कुठल्या पाड्यावरून आला नव्हता. कल्याणजवळ नदीवर पसरणारी जलपर्णी पोसली जाते ती शहरांच्या सांडपाण्यावर.

आता जंगलाचं. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, ऐनाच्या फांद्या छाटल्या जातात, वणवे लागतात, लाकूडफाटाही जातो. हे नाकारून चालणार नाही. पण कोणती झाडं छाटायची, किती फांद्या राखायच्या, वणवा अडवणारी जाळरेषा कधी काढायची, हे नियम रोज त्या जंगलात जाणाऱ्यांनी ठरवले तर पाळले जातात, कारण मोडणारा कोण ते सगळ्यांना ठाऊक असतं. ठाण्याच्या कचेरीतून ते दिसत नाही.

आणि मोठी तोड कोणाची? मुरबाड तालुक्यात काळू धरणासाठी हजारेक हेक्टर वनजमीन बुडणार होती. शहरांना पाणी हवं म्हणून वनजमिनीच्या वापराला मंजुरी मिळण्याआधीच काम सुरू झालं. ते थांबवायला न्यायालयात गेली श्रमिक मुक्ती संघटना, तिथल्या आदिवासी-शेतकऱ्यांच्या बाजूने. 2012 मध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवलं. जंगल वाचवायला उभं कोण राहिलं, हे एवढ्यावरून कळावं.

कायदाही हेच सांगतो. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 5 पाणलोट क्षेत्र आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार हक्कधारकांना आणि ग्रामसभेला देतं. मजकूर लिहिणाऱ्याने हे कलम वाचलेलं दिसत नाही.

"लोकसहभाग म्हणजे फोटोपुरतं श्रमदान."

यात तथ्य आहे, आणि ते मान्य करायलाच हवं. वनखातं आणि गाव यांनी मिळून जंगल राखायचं, अशा संयुक्त वनव्यवस्थापनाच्या किती समित्या नुसत्या कागदावर राहिल्या! सचिव वनखात्याचा, निर्णय वनखात्याचा, गावाच्या वाट्याला फक्त सह्या. पण याला लोकांच्या हाती कारभार देणं म्हणत नाहीत.

खरा कारभार कसा असतो ते बघायचं असेल तर भातकापणीनंतर शहापूर-मुरबाडकडे वनराई बंधारा घालताना बघा. ओढ्याला अजून धार असते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळू-मातीने भरून सुतळीने तोंड शिवतात. पहिला थर प्रवाहाला आडवा. वरच्या गोणीचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. फटींमध्ये चिकणमाती पायाने दाबायची. खर्च जवळजवळ नाही, बंधारा मात्र पुढच्या पावसात वाहून जातो आणि पुन्हा घालावा लागतो. म्हणजे दरवर्षी कोणी यायचं, आलेल्या पाण्यावर भेंडी कोणी लावायची, इंजिन कोणी कधी चालवायचं आणि गुरांसाठी किती पाणी ठेवायचं, हे पुन्हा बसून ठरवावं लागतं. ते बसणं म्हणजेच व्यवस्थापन. फोटोत ते येत नाही.

"एका तज्ज्ञ प्राधिकरणाकडे सोपवा."

प्राधिकरणांची या खोऱ्यात कधीच टंचाई नव्हती. बारवी धरण एमआयडीसीचं, भातसा धरण जलसंपदा विभागाचं, जंगल वनखात्याचं, नदीच्या पाण्याची तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाची, आपल्या नळाला पाणी देणारी 'स्टेम' कंपनी आणखी वेगळी. या सगळ्यांत आणखी एकाची भर घातली, तरी माथ्यावर, म्हणजे खोऱ्याच्या वरच्या डोंगराळ भागात, राहणाऱ्यांना त्यात जागा नाही ती नाहीच. काळू आणि भातसा या उपनद्यांचं खोरं मिळून उल्हासचं निम्म्याहून अधिक खोरं होतं. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, मुंबई-ठाण्याची तहान भागवतात, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर जातात. आपल्या बिलातला एक रुपयाही त्या पाड्यांकडे त्यांनी राखलेल्या जंगलाचा मोबदला म्हणून जात नाही. ही गोष्ट मला फार लागते, आणि ती फिरणाऱ्या मजकुरात कुठेच नाही.

तज्ज्ञ हवेतच. पाण्याचा दर्जा तपासायला, गाळ मोजायला, भूजलाचा नकाशा काढायला. पण ग्रामसभेने बोलावलेले, ग्रामसभेला उत्तर देणारे.

म्हणून मी त्या मागणीवर सही करणार नाही. करायची तर या मागण्यांवर करू: शहापूर आणि मुरबाडमधले प्रलंबित सामूहिक वनहक्काचे दावे निकाली काढा, महापालिकांनी पाणीपट्टीतला ठरावीक हिस्सा माथ्यावरच्या ग्रामसभांना पाणलोट राखण्यासाठी थेट द्यावा, आणि नदीत सांडपाणी सोडणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी दर महिन्याची तपासणी मराठीत फलकावर लावा.