पाकिटावर लिहिलं होतं, 'पंच ३'

परवा खो-खोची फायनल संपली, पाहुण्यांची भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं आणि रात्री साडेदहाला मांडवामागं कुणीतरी माझ्या हातात पाकीट कोंबलं. वर निळ्या पेनानं 'पंच ३'. आत आठशे रुपये, दोन दिवसांचे. एसटीचं भाडंही त्यातच.

पैशासाठी रडत नाहीये. खो-खोची पंच परीक्षा मी हौसेनं दिली, पोट नोकरीवर चालतं. दुखणं वेगळं आहे. ज्यानं पाकीट दिलं, त्याचाच संघ फायनलला होता.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातली रीत अशी की मंडळ स्पर्धा भरवतं, जिल्हा संघटनेकडं पंच मागतं. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर यादी पडते. याच पंचांची नावं का, हे कुणी विचारत नाही. कुठल्या सामन्याला कोण उभा राहणार, ते पंचप्रमुख मैदानावर खुर्चीत बसून ठरवतात. मानधन मात्र आयोजक देतो. म्हणजे पुढच्या वर्षी मला बोलवायचं की नाही, हेही निम्मं त्याच्याच हातात. "तो नको, लई फाऊल काढतो," एवढा एक फोन पुरतो.

फाऊल म्हणजे अर्ध्या सेकंदाचा मामला. खो कानावर पडायच्या आधीच बसलेला उठतो, नाहीतर पळताना टाच मधल्या पाटीवर पडते. परवा शेवटच्या मिनिटाला यजमानांचं पोरगं असंच आधी उठलं आणि त्यानं गडी मारला. मी शिट्टी फुंकली, गडी नाबाद. मागून एकजण ओरडला, "का बे पंच, जेवलास कुणाचं?" सगळे हसले. मलाही हसू आलं, कारण दुपारी जेवलो होतो त्यांचंच. शेंगापोळी होती, खोटं कशाला बोलू.

यजमान एका गुणानं हरले. तरी पाकीट मिळालं, हा त्यांचा मोठेपणा.

क्रिकेटमध्ये २०२२ ला रणजीत वरच्या श्रेणीच्या अंपायरला दिवसाला ४०,००० रुपये मिळायचे. तो आकडा जाऊ द्या, तिथं आपण पोचणार नाही. पण रणजीचा सामना आपल्या सोलापुरातल्या पार्क स्टेडियमवर असला तरी नेमणूक बोर्डाची आणि पैसेही बोर्डाचे, एवढं तर उचलता येईल?

२०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत हरलेल्या पैलवानानं पंचाला लाथ मारली. त्याच्यावर आणि आणखी एका पैलवानावर तीन वर्षांची बंदी आली, हा दुसरा आपल्या जिल्ह्यातला. लाथ सगळ्यांनी बघितली म्हणून कारवाई झाली. 'तो नको' म्हणणारा फोन कोण बघतो?

माझं म्हणणं एवढंच, की आयोजकानं पंचांचे पैसे आधीच जिल्हा संघटनेकडं भरावेत, संघटनेनं सामन्यामागं ठरलेला दर थेट खात्यावर टाकावा. यादी आठवडाभर आधी लागावी. आणि यजमानांच्या सामन्याला दुसऱ्या तालुक्याचा पंच हवा. वेळापूरला बार्शीचा, बार्शीला वेळापूरचा. भाडं वाढेल, वाढू दे. फ्लेक्स दोन कमी लावा.

कुणी म्हणेल, मंडळाचं नाव लिही. नाही लिहिणार. माणसं वाईट नाहीत, रीत वाईट आहे. आणि पोळी खरंच चांगली होती.

पुढच्या महिन्यात त्यांचीच मुलींची स्पर्धा आहे. यादी अजून पडलेली नाही. बघू, 'पंच ३' कोण असतो ते.