जळकं ऑइल फासा आणि निश्चिंत व्हा?

पावसाळा तोंडावर आला की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो: ‘फोर बाय फोर पिकअप म्हणजे रणगाडा. ४एच कायम लावून ठेवा, पाण्यातून बिनधास्त न्या, खालून जळकं ऑइल फासा, एअर फिल्टर हवा मारून वापरा. इंजिन ऑइल बदललं की झालं.’

४एच, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणारा मोड, कायम? हायलक्स, व्ही-क्रॉस या पिकअपना सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरसंच, नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक जरा घसरतं आणि तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर मात्र सगळा पीळ ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारा गिअरबॉक्स) आणि शाफ्टवर बसतो. अर्थात, वर्षभर ४एचला हातच न लावणारेही चुकतात. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर थोडी चालवावी, आतलं ऑइल फिरतं.

खरा घात पाण्यात होतो. चालून तापलेला डिफरन्शियल, म्हणजे अॅक्सलच्या मधला ऑइल भरलेला गिअरचा डबा, ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदर, म्हणजे त्याची हवा आत-बाहेर जाण्याची वाट, चिखलाने बुजलेला असेल तर ती हवा सीलच्या कडेने पाणी ओढून घेते. इंजिन ठणठणीत, गाडी मजेत घरी. बेअरिंग घूंऽऽ करायला लागतात तेव्हा दिवाळी आलेली असते आणि ओढा कुणाला आठवत नाही. माझ्या जुन्या गाडीतून निघालेलं ऑइल थेट कटिंग चहाच्या रंगाचं होतं. म्हणून खोल पाण्यातून आलात की डिफरन्शियलचा फिल प्लग (ऑइल भरायचं बूच) उघडून करंगळी बुडवून बघा. दुधाळ दिसलं तर किलोमीटर मोजत बसू नका, बदला. ब्रीदरची टोपी मोकळी आहे ना, तेही पाहा. शाफ्टच्या क्रॉसना (सांध्यांना) ग्रीस भरायचे निपल असतील तर ग्रीस मारा.

गंज नको म्हणून जळकं ऑइल कुंपणाच्या खांबांना फासतात. गाडीखाली त्यावर धूळ बसून थर होतो, रबरी बुश फुगतात. त्यापेक्षा चासीच्या पोकळीतली आणि स्प्रिंगच्या पाट्यांमधली माती साध्या पाण्याने काढा.

फिल्टरला हवा मारायचीच तर हलकी, आतून बाहेर. नोझल टेकवून मारली की कागदाला भोक पडतं आणि धूळ सरळ टर्बोत.

इंजिन ऑइल बदला, हे मात्र खरं. त्याच दिवशी गाडी वर उचललेली असते. दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचे प्लगही उघडून ऑइल बघून घ्या, मेकॅनिक ‘काय गरज नाय’ म्हणाला तरी.