गांधीनगर ते द्वारका, मार्गे ओझर

पाहुणा विमानानं येतोय म्हटल्यावर नाशिकचा माणूस आधी विचारतो, ‘कुठल्या विमानतळावर?’ मुंबईला उतरणार असेल तर कसारा घाट चढून यायला चार तास धरायचे. शिर्डीला उतरणार असेल तर ते विमानतळ शिर्डीत नाही, काकडी नावाच्या गावात आहे. आणि नाशिकला उतरणार असेल तर ओझरला. नाशिकचं विमानतळ नाशिकला नाही, रेल्वे स्टेशन नाशिकला नाही, ते नाशिकरोडला. मग नाशिकमध्ये आहे तरी काय, असं कुणी विचारलं तर रामकुंड आणि द्वारका चौकातला ट्रॅफिक, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो.

लेकीचा साखरपुडा ठरला आणि हैदराबादचे मामा येणार असं कळलं. मामा माझ्या बायकोचे. वय अठ्ठ्याहत्तर, बँकेतून निवृत्त, आणि हिशेब अजून चालू. त्या हिशेबात आमच्या नावावर एक जुनी बाकी आहे. १९९४ साली आमच्या लग्नाला मामा नाशिकरोड स्टेशनवर उतरले आणि त्यांना घ्यायला कुणी गेलं नव्हतं. मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे जातील, मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचे जातील. मामा दीड तास ट्रंकेवर बसून होते. ही गोष्ट मी गेल्या तीस वर्षांत वेगवेगळ्या मंगलकार्यांत, वेगवेगळ्या पंगतींत, एकाच चालीवर ऐकत आलो आहे.

“या वेळी त्यांना घ्यायला गाडी गेलीच पाहिजे,” बायको म्हणाली.

“मी जातो की.”

“तू कसा जाशील? आपली गाडी त्या दिवशी हार आणायला, पेढे आणायला आणि आत्यांना पंचवटीतून आणायला आहे.”

मग चिरंजीव मध्ये पडले. “बाबा, ऑनलाइन बुक करा ना. प्रायव्हेट ट्रान्सफर. ड्रायव्हर नावाची पाटी घेऊन उभा राहतो.” पाटी म्हटल्यावर माझे डोळे चमकले. १९९४ ची बाकी एका पाटीत फिटणार होती.

रात्री जेवण झाल्यावर फॉर्म उघडला. पहिल्या रकान्यात विमानतळ निवडायचं होतं. ‘ओझर’ टाइप केलं, काहीच आलं नाही. ‘नाशिक’ टाइप केलं तर एकच पर्याय आला: गांधीनगर विमानतळ, नाशिक.

आता बाहेरच्यांना यातली मेख कळणार नाही. आमच्याकडे गांधीनगरला धावपट्टी आहे हे खरं. पण ती लष्कराची. तिथे सैन्यातले वैमानिक हेलिकॉप्टर चालवायला शिकतात. उपनगरात राहणाऱ्यांना दुपारची झोप लागायच्या नेमक्या वेळी ते डोक्यावर भिरभिरत असतात. प्रवासी विमानं उतरतात ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या, म्हणजे एचएएलच्या, विमान कारखान्याच्या धावपट्टीवर. १९६४ साली तो कारखाना मिग विमानांसाठी निघाला, पुढे सुखोई आली, आणि आपल्यासारख्या बॅग ओढत चालणाऱ्यांसाठी नवी टर्मिनल इमारत उभी राहायला २०१४ साल उजाडलं. पण कुठल्या तरी जुन्या यादीत नाशिकच्या नावापुढे गांधीनगर जे चिकटलं, ते फॉर्म बनवणाऱ्यानं तसंच उचललं असणार. मी म्हटलं, असू दे, नाशिकचं विमानतळ म्हणतोय ना, विमानाचा नंबरही विचारतोय, तर कळेल त्याला.

पुढचा रकाना हॉटेलचा. हॉटेल मुंबई नाक्याजवळ. ते त्याच्या यादीत नव्हतं. ‘जवळची खूण लिहा’ असं खाली होतं. मुंबई नाका लिहिलं तर हा मामांना मुंबईला न्यायचा, अशी मला शंका आली. स्वतःच्या हुशारीवर खूश होत मी लिहिलं, ‘द्वारका सर्कलच्या पुढे’.

मग पाहुण्यांचं नाव. फोननं विचारलं, तुमच्या यादीतून भरू का? मी हो म्हटलं. पहाटे चारपासून जागा असलेला माणूस अशा वेळी सगळ्यालाच हो म्हणतो.

क्षणभर गोल गोल फिरून रक्कम आली. साडेअकरा हजार रुपये.

“काय रे, सोन्याची गाडी आहे का?” बायकोनं चष्मा लावून पाहिलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: आउटस्टेशन, एकतर्फी, गांधीनगर ते द्वारका, मुक्कामी चालक भत्त्यासह.

माझ्या डोळ्यांपुढे मामा आले. हैदराबादहून निघालेले, गुजरातच्या राजधानीत उतरलेले, आणि साखरपुड्याच्या मुहूर्तावर समुद्राच्या काठी द्वारकाधीशापुढे हात जोडून उभे असलेले. दर्शन झालं असतं म्हणा. पण पुढची तीस वर्षं मला ते ऐकावं लागलं असतं, आणि आता त्यात बेट द्वारकाही आली असती.

हा दोष एकट्या फॉर्मचा नाही. आमच्या गावानं अख्ख्या भारताची नावं उसनी आणून ठेवली आहेत. इथे द्वारका आहे, गांधीनगर आहे, शालिमार आहे, दिल्ली दरवाजा आहे. रामायणातली पंचवटी तेवढी आमची स्वतःची, आणि नेमकी तीच फॉर्ममध्ये कुणी विचारत नाही.

मदत केंद्राला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी, बहुधा दिल्लीकडची. मी माझं ठेवणीतलं हिंदी बाहेर काढलं. “मॅडम, वो द्वारका नहीं, ये द्वारका.”

“सर, एअरपोर्ट के पासवाला द्वारका?” तिच्याकडेही एक द्वारका निघाली, दिल्लीतली, आणि तीही विमानतळाला लागूनच.

“नहीं मॅडम, नाशिकवाला. वहाँ चौक है. बहुत गाडियाँ रुकती है.”

“ओके सर, गाडियाँ रुकती हैं, मतलब स्टॉप है?”

रुकती म्हणजे अडकतात, हे मला हिंदीत सांगता येईना. शेवटी चिरंजिवांनी फोन हातातून घेतला, नकाशावरची खूण पाठवली आणि तीन मिनिटांत प्रकरण मिटवलं. नवा आकडा आला अठराशे. ओझर ते मुंबई नाका वीस-बावीस किलोमीटर. साडेअकरा हजारांनंतर अठराशे इतके स्वस्त वाटले की मी आनंदानं भरून टाकले. पावती नंतर वाचली. तिच्यात टोलचे पैसे होते. ओझरहून नाशिकला येताना टोलनाका लागतच नाही, तो आहे पिंपळगाव बसवंतला, म्हणजे बरोब्बर उलट्या दिशेला. मामांना आणायला जाणारी गाडी आधी कांदे भरायला पिंपळगावला जाणार असेल तर कोण जाणे. पण पुन्हा त्या मुलीला फोन करून पिंपळगाव हिंदीत समजावण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती.

त्यानंतर दोन दिवस माझा फोन म्हणजे लग्नघरचा फोन झाला. आधी दिल्लीहून ‘बुकिंग कन्फर्म’. मग मुंबईहून एक जण, “साहेब, आमच्याकडे तुमची ड्यूटी आलीय, आठ तास ऐंशी किलोमीटर धरू का?” मग नाशिकमधल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याचा, “मुंबईवाल्यांनी आपल्याला दिलंय काम, गाडी पांढरी चालेल ना?” आदल्या रात्री साडेदहाला चौथा फोन.

“दादा, मी ड्रायव्हर बोलतोय. उद्या गांधीनगरला यायचं ना?”

मी पलंगावरून उठून बसलो. “नाही हो! ओझर! ओझर!”

“तेच म्हटलं मी पण. ड्यूटी स्लिपवर गांधीनगर आहे. तिथं मिलिटरीवाले आत सोडत नाहीत आपल्याला.”

“तुम्ही कुठले?”

“ओझरचाच. एचएएलच्या कॉलनीला लागून घर आहे.”

मला जरा धीर आला. म्हटलं, मग काय, सकाळी चहा पिऊन निघालात तरी विमानाआधी पोचाल.

“नाही ना दादा. गाडी नाशिकला गॅरेजला असते. सकाळी बसनं नाशिकला येणार, गाडी घेणार, ओझरला जाणार, पाहुणे घेणार, नाशिकला सोडणार, गाडी गॅरेजला लावणार, बसनं घरी. गॅरेज टू गॅरेज असतं आपलं.”

म्हणजे विमानतळाशेजारी राहणारा माणूस विमानतळावर जाण्यासाठी आधी वीस किलोमीटर लांब येणार होता. न राहवून विचारलं, तुम्हाला यात किती मिळतात? म्हणाला, साडेचारशे. बाकीचे साडेतेराशे दिल्ली, मुंबई, नाशिक करत उतरले होते. त्यांचा प्रवास मात्र मामांपेक्षा सुखाचा झाला असणार.

साखरपुड्याच्या दिवशी विमान पाऊण तास उशिरा आलं, त्याचं काही नाही. आमच्या विमानतळावर विमानंच मोजकी. एक उतरलं की सगळी माणसं एकदम बाहेर येतात, सगळ्यांचे मेव्हणे एकदम मिठ्या मारतात, आणि दहा मिनिटांत पुन्हा दहावा मैल नावाच्या फाट्यावरच्या दुपारसारखं सामसूम. त्या दहा मिनिटांत काय झालं ते मला नंतर कळलं.

फोननं आपल्या यादीतून नाव भरलं होतं. माझ्या यादीत मामा ‘हैदराबाद मामा’ या नावानं आहेत, कारण बायकोला आणखी दोन मामा आहेत, एक जळगावचे आणि एक कोथरूडचे. फॉर्मनं पहिलं नाव धरलं हैदराबाद, आडनाव धरलं मामा. आणि आमचा ओझरचा ड्रायव्हर ठळक छापलेली पाटी उंच धरून दारात उभा होता: ‘मिस्टर हैदराबाद मामा’.

मामांनी ती पाटी वाचली आणि तिला वळसा घालून पुढे गेले. हा आपण नव्हे याची त्यांना खात्री होती. गर्दी सरली, पाटी तिथेच. शेवटी ड्रायव्हरनं आपल्या पद्धतीनं प्रश्न सोडवला. हात तोंडाशी धरून मोठ्यानं हाक मारली, “ओ मामा!”

पन्नाशीपुढचे जेवढे पुरुष आवारात होते तेवढे सगळे वळले. दारावरचा पोलीसही वळला. आपल्याकडे पोलिसालाही मामाच म्हणतात. त्याला वाटलं, काही तक्रार आहे.

मी तिकडे हॉटेलच्या दारात हार घेऊन उभा. फोनवर गाडीचा ठिपका सरकताना दिसत होता. आडगाव आलं, अमृतधाम आलं, द्वारका आली. ठिपका हॉटेलपाशी पोचला. ‘आपले वाहन पोहोचले आहे’ असा संदेश वाजला. मी हार सरसावून पुढे झालो. समोर उसाच्या रसाची गाडी आणि एक कुत्रं.

फोन वाजला. “दादा, पोचलो.”

“कुठे पोचलात? मी दारात उभा आहे.”

“मी पण तिथंच आहे. पण वर आहे.”

मी मान वर केली. डोक्यावर उड्डाणपूल. मामा माझ्या बरोब्बर वर, एखाद्या देवासारखे, अधांतरी. नाशिकमध्ये पत्ता सांगताना ‘वरून की खालून’ हे आधी सांगावं लागतं, कारण नकाशाला वरचं आणि खालचं सारखंच दिसतं. एकदा वर चढून खाली उतरायची जागा चुकलात, तर पाथर्डी फाट्याच्या वाटेला लागल्याशिवाय सुटका नाही.

“अहो, तुम्ही ओझरचे ना? तुम्हाला खालून यायचं माहीत नाही?”

“माहितीय की. पण ॲपनं सांगितलं वरून. मनानं गेलो तर ते पैसे कापतात.” मागून मामांचा आवाज आला, “त्यांना म्हणावं, हार तिथूनच वर टाका.”

आणखी पंधरा मिनिटांनी गाडी खरोखरच आली. ड्रायव्हर उतरला, मागचं दार उघडलं, “या मामा, सावकाश, फुटपाथ उंच आहे.” मामा उतरले. मी हार घातला, वाकून नमस्कार केला आणि मानसिक तयारी करून उभा राहिलो. गांधीनगर, पाटी, पूल, सगळं एकेक करून आता येणार.

“मुलगा चांगला आहे,” मामा म्हणाले. मी नवरदेवाबद्दल समजलो. “ओझरचा. याचे आजोबा मिगच्या कारखान्यात होते. सबंध रस्ताभर मला मामा मामा करत होता. द्राक्षांचे भाव सांगितले, निफाडची थंडी सांगितली. परवा मला नाशिकरोडला सोडायला हाच येणार आहे, परत जाताना मी रेल्वेनं जातोय. चारशे रुपये ठरलेत. त्याच्या मेव्हण्याची गाडी आहे.”

जे मला दोन दिवस, चार शहरं आणि अठराशे रुपये लागून जमलं नव्हतं ते मामांनी आडगाव ते अमृतधाम एवढ्या अंतरात जमवलं होतं.

मी त्यांची बॅग उचलली. बॅगेच्या कप्प्यातून काहीतरी कडक पांढरं बाहेर आलेलं दिसलं. ती पाटी होती.

“हे राहू दे हॉटेलवाल्याकडे,” मी घाईघाईनं म्हटलं, “चुकून छापलं गेलं ते, मी तक्रार करणारच आहे.”

मामांनी पाटी माझ्या हातातून काढून घेतली, रुमालानं पुसली, पुन्हा कप्प्यात नीट सरळ ठेवली आणि चेन लावली.

“हैदराबादला नेतोय,” ते म्हणाले. “मामीला दाखवायला. १९९४ साली कुणी साधं पोस्टकार्डसुद्धा धरून उभं नव्हतं.”