एका जागी बसत नाही म्हणे

आज धाकट्याच्या शाळेत ओपन हाऊस होतं. दुपारपासून डोक्यात तेच घुमतंय. लिहून टाकल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लिहितेय. लांबलचक होईल.

दुसरीतला मुलगा, सात वर्षांचा. गणिताच्या पेपरात पहिली सगळी गणितं बरोबर आणि शेवटची तीन सोडवलेलीच नाहीत. टीचरनी पेपर माझ्यासमोर सरकवला आणि डायरी उघडली. लाल शाईत शेरे. एका जागी बसत नाही. लक्ष नसतं. बेंचवर गुडघे टेकून बसतो. तीन आठवड्यांत चार वेळा तेच.

मी विचारलं, "दिवसभर असं करतो का?"

टीचर जरा थांबल्या. म्हणाल्या, "नाही मॅम, साधारण तिसऱ्या तासापासून."

तिसऱ्या तासापासून! मी तिथेच बसून मनात हिशेब केला. आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो, शाळा घोडबंदर रोडला. मुलगा उठतो पावणेसहाला. बस सव्वासहाला. कापूरबावडी, मानपाडा करत, मेट्रोच्या कामातून वाट काढत पाऊण तास बसमध्ये बसून. मग प्रार्थना, मग बेंचवर बसून पहिला तास, बसून दुसरा तास, आणि पावणेनऊला तिसरा सुरू होतो तेव्हा हे लेकरू अडीच तास नुसतं बसलेलं असतं. साडेनऊच्या छोट्या सुट्टीत डबासुद्धा जागेवर बसूनच खायचा, कारण वर्गाबाहेर गर्दी होते. त्यानंतर पुन्हा तीन तास. पीटी आठवड्यातून दोनदा, आणि युनिट टेस्ट जवळ आली की त्यातला एक तास गणिताला जातो.

आणि शेरा काय, तर एका जागी बसत नाही.

माझी तिसरी कळव्याच्या महापालिकेच्या शाळेत गेली. दुपारची शाळा, वर पत्रे, एक पंखा, आम्ही बावन्न पोरं. उन्हाळ्यात तीनच्या सुमाराला बाई भागाकार शिकवत असायच्या आणि सगळ्या वर्गाच्या माना कलायला लागायच्या. बाई ओरडायच्या नाहीत. खडू खाली ठेवायच्या, पदराला हात पुसायच्या आणि एक बोट वर करायच्या. बस, तेवढंच. आम्हाला कळायचं, पाऊस येणार.

एका बोटाने दुसऱ्या तळहातावर टाळी. टिप, टिप. मग दोन बोटं, मग तीन. चार बोटांना वर्गाची झोप उडालेली असायची आणि पाच बोटांना बावन्न पोरांचा असा काही पाऊस कोसळायचा की पत्र्यावर खरंच सरी आल्यासारखं वाटायचं. पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. बाई पाचावर कधीच थांबायच्या नाहीत. पुन्हा चार, तीन, दोन, एक. शेवटची टिपटिप इतकी हलकी की पलीकडच्या रुळांवरून जाणारी लोकल ऐकू यायची. मग हात मांडीवर. "थांबला पाऊस. काढा वह्या."

दोन मिनिटं लागायची याला, आणि पुन्हा भागाकार सुरू. आणि तो यायचा आम्हाला.

मला आज राग कशाचा आला हे नीट सांगते. दोन मिनिटांचा. चाळीस मिनिटांच्या तासात दोन मिनिटं द्यायची या शाळांची तयारी नाही. फी भरायला एक दिवस उशीर झाला तर मेसेज येतो, आणि सात वर्षांच्या पोराला दोन मिनिटं उभं राहू द्यायला वेळ नाही! अभ्यासक्रम मागे पडतो म्हणे. अहो, वर्ग झोपलेला असताना फळ्यावर जे पुढे सरकतं ते कोणाचं पुढे सरकतं?

माझ्या लिस्टमधल्या कुणाला हे पटवून द्यावं लागेल असं मला वाटत नाही. आपल्यातले बरेच जण आई-बाप आहेत, काही शिक्षक आहेत. मूल बेंचवर गुडघे टेकून बसतं, पेन्सिल फिरवतं, पाय हलवतं, ते बहुतेक वेळा जागं राहायची धडपड करत असतं. शरीर हललं की डोकं जागं होतं. आपणही दुपारच्या मीटिंगमध्ये पाणी प्यायचं निमित्त करून उठतोच ना? आपल्याला ती सोय आहे. त्याला पाणी प्यायला उठायचं तरी हात वर करून परवानगी मागावी लागते.

हो, अठ्ठेचाळीस मुलं आहेत वर्गात, मान्य. एकदा उठवली की पुन्हा बसवताना नाकी नऊ येतात, तेही मान्य. पण अठ्ठेचाळीस का आहेत? शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक असं २००९ मध्येच लिहून ठेवलंय. आणि बसवताना नाकी नऊ येतात, कारण पाच बोटांवरून एकावर कसं यायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. मुलांना नुसतं "नाचा" म्हटलं की ती नाचतच राहणार. बाईंच्या पावसात थांबणं आतच होतं. शेवटचं टिपटिप ऐकू यावं म्हणून आम्ही श्वास धरून बसायचो. "गप्प बसा" असं त्या म्हणाल्याचं मला आठवतच नाही.

मी टीचरना पावसाचं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "आम्ही शुक्रवारी शेवटच्या तासाला स्मार्ट बोर्डवर व्हिडिओ लावतो, मॅम." मला तिथे फार काही बोलवलं नाही, इथे बोलते. व्हिडिओ म्हणजे विश्रांती नव्हे. बूड तिथेच, मान तिथेच, डोळे पुन्हा फळ्यावरच. घरी टीव्ही, बसमध्ये ड्रायव्हरकाकांचा मोबाइल, आणि शाळेत दमलं की परत स्क्रीन. शिवाय शुक्रवारी शेवटच्या तासाला देऊन काय उपयोग? तहान सोमवारी लागली आणि पाणी शुक्रवारी! बाई आम्ही ढेपाळायच्या जरा आधी थांबायच्या. घड्याळ बघून कधी थांबल्या नाहीत, आमच्याकडे बघून थांबायच्या.

आणि ते बक्षीसही नव्हतं. हे फार महत्त्वाचं आहे हो. "आधी सगळं लिहून काढा, मग खेळू" असं त्या म्हणायच्या नाहीत. ज्याचं लिहून झालं नाही त्याला पावसाच्या वेळी खाली मान घालून लिहायला बसवायच्या नाहीत. त्यालाच तर जास्त गरज असते! माझ्या मुलाला गेल्या महिन्यात छोट्या सुट्टीत वर्गात बसवून ठेवलं होतं, फळ्यावरचं अपुरं राहिलं म्हणून. जे मूल बसून बसून दमलंय त्याला शिक्षा काय, तर अजून बस.

इथे मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला होता. भाजी फोडणीला टाकून आले.

टीचरविषयी लिहायचं राहिलं. सव्वीस-सत्तावीसची मुलगी असेल. घसा बसलेला, बोलताना सारखी खोकत होती. मी उठायला लागले तेव्हा तिने आवाज खाली केला आणि वर कोपऱ्याकडे बघत म्हणाली, "मॅम, मलाही करावंसं वाटतं. पण कॅमेरा आहे. मुलं उभी दिसली की को-ऑर्डिनेटर विचारायला येतात, वर्गात काय चाललंय."

मी परत खाली बसले.

म्हणजे या पोरीला कळतंय. कॉलेजात शिकलीय ती हे सगळं. तीही सकाळी सातपासून उभी आहे, तिलाही दोन मिनिटं हवी आहेत. आणि ऑफिसातल्या स्क्रीनवर अठ्ठेचाळीस डोकी ओळीत दिसली पाहिजेत म्हणून ती डायरीत लाल शाईने माझ्या मुलाचा शेरा लिहिते. तिच्यावर मी कसली रागावणार? राग आहे तो त्या स्क्रीनसमोर बसलेल्या माणसांवर, आणि कमी झालेला नाही.

कळव्यात कॅमेरा नव्हता. हेडमास्तर होते, भयंकर कडक. एकदा ऐन पाच बोटांना ते दारात येऊन उभे राहिले होते. आमची बोटं हवेत अडकली. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि चार बोटं वर केली. आम्ही चारावर आलो, तीनवर आलो, दोनवर, एकावर. सर शेवटपर्यंत दारात उभे होते आणि काही न बोलता गेले. बाईंच्या अंगात ती हिंमत कुठून आली होती कुणास ठाऊक. पक्की नोकरी होती, हे असेलच. या पोरीचा करार दर वर्षी एप्रिलमध्ये संपतो.

आता लगेच कुणीतरी फिनलंडचं सांगेल. तिथे पंचेचाळीस मिनिटं शिकवलं की पंधरा मिनिटं मुलं मैदानात. चांगलंच आहे. पण एवढ्या लांब कशाला जायचं? ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, अनुताई वाघ सोबत होत्या. तेव्हा तो सगळा ठाणे जिल्हाच होता, पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. तिथली मुलं गुरांमागे रानात जायची, शाळेत येऊ शकायची नाहीत, म्हणून या बायकांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. मुलाच्या दिवसाप्रमाणे शाळा वाकवली त्यांनी, आपल्याच जिल्ह्यात. आणि आपण त्याच ठाण्यात शाळेप्रमाणे मूल वाकवतोय. सरकारने २०२४ मध्ये सांगितलं की चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका. आमची बस अजून सव्वासहालाच येते. विचारलं तर दोन पाळ्या आहेत, बसेस कमी आहेत.

काही मुलांना खरोखर तज्ज्ञांना दाखवायची गरज असते, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गरज वाटली तर मीही दाखवेन. पण आधी त्याला दोन मिनिटं उभं करून तर बघा.

आणि एक खरं सांगायचं तर परवा बुधवारी मीच त्याला म्हणाले होते, "पान पूर्ण झाल्याशिवाय उठायचं नाही." ऑफिसातून आले होते, डोकं दुखत होतं. तो बसला. पाऊण तास बसला. पान झालं नाहीच, शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या लक्षात आलं नाही की तो चौथ्या ओळीपासून तेच अक्षर गिरवतोय. कळव्याच्या वर्गात मिळालेलं मी माझ्या घरात विसरले. डायरीतला शेरा वाचताना आज पोटात कालवलं ते त्यामुळेही असेल.

संध्याकाळी ती राहिलेली तीन गणितं काढली. पहिलं त्याने केलं. दुसऱ्यावर पेन्सिल फिरायला लागली, गुडघे वर आले. मी काही न बोलता एक बोट वर केलं. त्याला काही कळेना. मी तळहातावर टिपटिप केलं, त्याने केलं. तिसऱ्या बोटाला स्वयंपाकघरातून सासूबाई आल्या आणि त्याही करायला लागल्या, त्यांना आधीपासून माहीत होतं! पाचाला तो खुर्चीवर उभा राहिला. मग उतरत आलो. एकाला तो इतका हळू वाजवत होता की वाजतंय की नाही हे बघायला मी वाकले.

दुसरं गणित बरोबर आलं. तिसऱ्यात हातचा विसरला.

सोमवारी हाफ डे टाकलाय. को-ऑर्डिनेटरसाठी अर्ज लिहून ठेवलाय, एकाच पानाचा. दर तासाला दोन मिनिटं मुलांना उभं राहू द्यावं, छोटी सुट्टी शिक्षा म्हणून काढून घेऊ नये, पीटीचा तास गणिताला देऊ नये, आणि वर्गात मुलं उभी दिसली म्हणून टीचरला कुणी जाब विचारू नये. टीचरने मला काय सांगितलं ते अर्जात कुठेही येऊ दिलेलं नाही, शाळेचं नावही इथे लिहीत नाहीये. ज्यांची मुलं तिथे आहेत त्यांना कळलंच असेल. सही करायची असेल तर सोमवारी साडेनऊला मागच्या गेटपाशी या. मी पेन घेऊन उभी आहे.