पाहुण्यांची सुट्टी आणि गंगेची सवड

रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाकडे मे महिन्यात आंबे, फणस आणि पाहुणे एकाच पंधरवड्यात पिकून येतात. पूर्वी हे पाहुणे गणपतीपुळ्याला दर्शन घेत, गुडघाभर पाण्यात उभे राहून फोटो काढत आणि आंब्याच्या पेट्या गाडीत घालून समाधानाने परत जात. २०२२ साली रत्नागिरी जिल्ह्यातील सात, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमाळ अशी नऊ ठिकाणची कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत दाखल झाली आणि यजमानांचे सुखाचे दिवस संपले. आता प्रत्येक पाहुणा घरात पाऊल टाकताच, चहाच्या आधी, "तुमच्याकडचे ते दगडातले हत्ती कधी दाखवता?" असे विचारतो.

दाखवायला माझी काहीच हरकत नाही. अडचण अशी आहे की कोकणातल्या या स्थळांना आपापले वेळापत्रक आहे आणि ते ठरवताना पाहुण्यांच्या सुट्टीचा विचार कोणीही केलेला नाही. कातळशिल्पाला तिरपे ऊन लागते, हेदवीच्या बामणघळीला भरती लागते आणि राजापूरच्या गंगेला नेमके काय लागते हे तिचे तिलाच ठाऊक. उलट पाहुण्याला सकाळी नऊला उठणे, साडेदहाला घावन-चटणी आणि अकराला प्रस्थान लागते. त्यातही पाहुणा घरचा जावई असेल, तर त्याला पहाटे पाचला हलवून उठवण्याची छाती आमच्या घराण्यात अद्याप कोणाला झालेली नाही.

यंदा ताई आली ती भावोजी, भाचा आणि तिच्या सासूबाई अशा लवाजम्यासह. पुण्याहून निघण्यापूर्वीच भावोजींनी तीन स्थळांचा तक्ता करून मला पाठवला होता आणि त्यात प्रत्येक स्थळापुढे 'आगमन' आणि 'निर्गमन' असे रकाने होते.

पहिले स्थळ कशेळी. राजापूर तालुक्यातल्या या गावी कनकादित्याचे प्रसिद्ध मंदिर आहे आणि गावच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असा एक हत्ती कोरलेला आहे, ज्याच्या अंगात इतर प्राण्यांची आणि जलचरांची कितीतरी चित्रे दाटीवाटीने बसवलेली आहेत. "सकाळी साडेसहाला किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर गेलो तर बरे," असे मी दोनदा सुचवून पाहिले. भावोजींनी तक्ता पाहिला. आम्ही भर बारा वाजता सड्यावर पोहोचलो.

मे महिन्यातला सडा ज्याने अनुभवला नाही त्याला त्याची कल्पना देणे कठीण आहे. दसऱ्याच्या आगेमागे याच कातळावर सोनकी, तेरडा आणि सीतेची आसवे फुललेली असतात. मे महिन्यात तो तापलेल्या तव्यासारखा नुसता काळा पसरलेला असतो. सावली म्हणाल तर ज्याची त्याची, आणि बारा वाजता तीही पायाखाली जाऊन बसलेली. शिल्पापाशी चपला काढाव्यात तर तळपाय भाजतात, न काढाव्यात तर हजारो वर्षांच्या रेषेवर चप्पल पडते, अशा पेचात आम्ही कडेकडेने बगळ्याच्या चालीने सरकत होतो.

"हत्ती कुठे आहे?" भावोजींनी विचारले.

ते हत्तीच्या पोटात उभे होते. मी त्यांना अदबीने बाहेर काढले, सोंडेकडून शेपटीकडे हात फिरवून दाखवला आणि पाठीचा बाक कुठून कुठे जातो तेही सांगितले. भावोजींनी फोनवरचे आकाशातून टिपलेले चित्र काढले, एकदा फोनकडे आणि एकदा जमिनीकडे पाहिले आणि हा हत्ती तो नव्हेच, असा निकाल दिला.

यात त्यांचा फारसा दोष नव्हता. जांभ्याच्या कातळावर कोरलेली ही रेष फार खोल नसते. ऊन तिरपे असले की रेषेच्या एका काठाची सावली आत पडते आणि चित्र उठून दिसते. ऊन डोक्यावर आले की सावली नाहीशी होते आणि काळ्या कातळावर काळीच खाच उरते. ही शिल्पे कोरणाऱ्याने, ज्याचा काळ अभ्यासकांच्या अंदाजाने काही ठिकाणी बारा हजार वर्षांइतका मागे जातो, साडेदहाच्या घावनांचा हिशेब धरला नव्हता.

भाच्याने तेवढ्यात खिशातून खडू काढला. रेषा गिरवून फोटो काढण्याचा हा उद्योग पुष्कळ हौशी मंडळी करतात आणि ती पाठ फिरवून गेल्यावर हत्ती बिचारा शाळेच्या फळ्यासारखा पांढराफटक पडून राहतो. मी खडू जप्त केला. मामाने भाच्याला दिलेला या सुट्टीतला तो पहिला आणि शेवटचा धाक होय.

सासूबाई मात्र छत्री उघडून कडेच्या दगडावर बसल्या होत्या आणि बराच वेळ काही बोलल्या नव्हत्या. अचानक त्या म्हणाल्या, "हा मागचा पाय. त्याच्या आत मासा आहे. आणि हे सगळे एकाच्या हातचे नाही हो. ही रेघ न थांबता ओढली आहे, ती पलीकडची जागोजागी अडकत गेली आहे." आयुष्यभर अंगणात रांगोळी घातलेल्या बाईला भर बारा वाजता जे दिसले, ते दूरदर्शी भिंगाचा फोन घेतलेल्या आमच्या जावयाला दिसले नाही, हे मी मनात म्हटले, उघड म्हणण्याची सोय नव्हती. कोकणातल्या कातळशिल्पांत गेंडा आणि पाणघोडाही आहे, जे आज या भागात औषधालाही सापडायचे नाहीत, असे मी सांगितल्यावर भावोजींनी ते कुठे दिसतील म्हणून विचारले. मी त्यांना गाडीकडे नेले.

देवाचे गोठणे वाटेपासून फार लांब नव्हते. तिथल्या मानवाकृतीपाशी होकायंत्राची सुई भलतीच दिशा दाखवते, हे खरे आहे आणि पाहण्यासारखेही आहे. परंतु त्या दुपारी आमची दिशा आधीच इतकी चुकलेली होती की सुईवर आणखी भार टाकणे मला प्रशस्त वाटले नाही.

हेदवीच्या बाबतीत मी सावध होतो. तिथे किनाऱ्यावरच्या काळ्या खडकात बामणघळ नावाची एक अरुंद भेग आहे. भरतीचे पाणी तिच्यात घुसले की कोंडले जाते आणि गर्जना करत कारंज्यासारखे उंच उसळते. कोकणातला कोणीही माणूस तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमी असेल तर सहा वाजता, आणि दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. मी कालनिर्णय पाहिले तर नेमकी अष्टमी निघाली. भावोजींच्या तक्त्यात हेदवीपुढे 'आगमन: १२.१५' असे होते, म्हणजे ओहोटीचा अगदी तळ.

जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरून आम्ही वेळेवर पोहोचलो. घळ कोरडी होती. तळाशी शेवाळ, दोन खेकडे आणि कोणाची तरी एक चप्पल. घळीच्या तोंडापासून काही अंतरावर एक बाई खडकावर वाकून कोयतीने कालवे काढत होती, कारण तिच्या दृष्टीने ही अगदी योग्य वेळ होती. भावोजींनी तिला, "पाणी कधी उडते?" असे विचारले, जणू नगरपालिकेच्या बागेतले कारंजे कधी चालू होते ते विचारावे.

तिने मान वर न करता सांगितले, "सांजच्याला सहाला या. पन आज भांगाचं पानी हाय, तेवढं उसळायचं नाय. उधान बघायचं तर पुनवेला या."

"पुनवेला आम्ही पुण्यात असू," भावोजी म्हणाले.

"मग पुन्यातच बघा," असे म्हणून तिने पुढचे कालव सोडवले.

आम्ही तासभर थांबलो. भावोजी घळीच्या काठावर उभे राहून खाली पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नेमकी कोणत्या खिडकीवर नोंदवावी असा भाव होता. पौर्णिमेसारखे पाणी खरोखर उसळत असते तर मी त्यांना त्या काठावर उभे राहू दिले नसते; तो खडक ओला झाला की भयंकर निसरडा होतो. त्या दृष्टीने अष्टमी बरी, असे ताई मला हळूच म्हणाली.

उरली राजापूरची गंगा. उन्हाळे गावी चौदा कुंडे आहेत. ती एरवी कोरडी असतात आणि एखाद्या दिवशी अकस्मात पाण्याने भरतात. भूगर्भातल्या वक्रनलिकेमुळे असे होते असे जाणकार म्हणतात, भाविक गंगा अवतरली असे म्हणतात, आणि दोघांपैकी कोणालाही तारीख आधी सांगता येत नाही. दर तीन वर्षांनी येते हा जुना ठोकताळाही अलीकडे तिने फारसा पाळलेला नाही. भावोजींनी तक्त्यात गंगेला पंचेचाळीस मिनिटे दिली होती. गंगेने त्यांना काहीच दिले नाही. कुंडांच्या पायऱ्यांवर वाळकी पाने होती.

"तिला आधी विचारून घेता येत नाही का?" भावोजींनी मला विचारले. कशेळीपासून त्यांचा माझ्यावरचा विश्वास बराच उतरला होता आणि गंगाही मीच अडवून धरली आहे अशी त्यांना शंका येऊ लागली होती.

मी गंगेच्या वतीने काय खुलासा करणार? जवळच गरम पाण्याचा झरा आहे आणि तो बारमाही वाहतो, एवढे मी सांगितले. कोकणातले हे एकमेव वक्तशीर स्थळ मे महिन्याच्या दुपारी कोणाला दाखवावे, हा प्रश्नच होता. ताईने झऱ्याकडे नुसते पाहिले आणि तिला घाम फुटला. भाचा गाडीत वातानुकूलन लावून बसला.

सासूबाईंनी मात्र नऊवारीचा ओचा खोचला, दगडावर बैठक मारली आणि दोन्ही पाय घोट्यांपर्यंत पाण्यात सोडले. पाच मिनिटांनी गुडघे हलके झाल्याचे त्यांनी जाहीर केले. पंधरा मिनिटांनी त्यांनी डोळे मिटले. अर्ध्या तासाने भावोजी घड्याळ दाखवत जवळ गेले आणि 'निर्गमन'चा रकाना उलटून गेल्याचे त्यांनी आईला विनयाने कळवले.

"गाडीतला माझा टॉवेल आणि नारायण तेलाची बाटली तेवढी आण," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "आणि तुम्ही सगळे वर कुंडांपाशी जाऊन बसा. गंगा आली की मला हाक मारा."